बाँडचं वर्ष वाया जात नाही
बाँड म्हणजे डॉक्टरांनी शिक्षणानंतर सरकारी रुग्णालयात करायची सक्तीची वर्षभराची सेवा. ‘एमएसनंतर (ही डॉक्टरांची पदव्युत्तर पदवी) बाँड म्हणजे वर्ष वाया, दंड भरून सुटा’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटलं नाही. महाराष्ट्रात पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर बाँड न केल्याचा, दंड 50 लाख आहे हो, एवढे भरल्यावर दवाखाना कशावर टाकणार? मी गायनॅक (स्त्रीरोगतज्ज्ञ), बाँड उपजिल्हा रुग्णालयात केला. पहिल्याच आठवड्यात रात्री दोनला सिझेरियन, रक्तपेढी 40 किलोमीटरवर, आणि ‘सरांना विचारते’ म्हणायला सरच नाहीत. हात तिथेच बसला.

खरी काळजी कॉर्पोरेट रुग्णालयांच्या ‘मिनिमम गॅरंटी’ची, म्हणजे दरमहा ठरलेल्या किमान रकमेची, करा. ती बहुधा काही महिन्यांपुरतीच असते, पुढे रुग्णांच्या बिलातली नुसती टक्केवारी. घेतात नोकर म्हणून नाही तर कन्सल्टंट (सल्लागार डॉक्टर) म्हणून, म्हणजे 10 टक्के टीडीएस कापून हातात. पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. माझ्या करारात तर सोडल्यावर वर्षभर त्याच भागात प्रॅक्टिस करायची नाही असं कलम होतं, तेही चौथ्या पानावर!