त्या हॉटेलला एक स्टार द्यायचा का? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

बी-२०३ : नमस्कार. मेसेज मोठा आहे, पण कृपया पूर्ण वाचा. काल रात्री आम्ही चौघं त्या छोट्या हॉटेलात जेवायला गेलो होतो. आठ वाजून दहा मिनिटांनी बसलो, ऑर्डर लगेच घेतली आणि जेवण आलं सव्वानऊला. मधल्या तासाभरात आमच्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. आमच्या मागून आलेल्या दोन टेबलांना आधी वाढलं. सासूबाईंनी शुगरची गोळी बसल्या बसल्याच घेतली होती. त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी फार घाबरले. माझी सगळ्यांना विनंती आहे, आज प्रत्येकाने त्या हॉटेलला एक स्टार द्या. लिंक पाठवते.

ए-१०१ काका : आता कशा आहेत त्या?

बी-२०३ : बऱ्या आहेत काका. सकाळी शुगर तपासली, ठीक आली.

ए-३०४ : दिला एक स्टार.

सी-२०२ : मीपण देते. आम्ही तिथं कधी गेलो नाही, पण हे वाचून जायची इच्छाच राहिली नाही.

बी-५०१ : जरा थांबा सगळे. ताई, तुमचा राग रास्त आहे, तुमच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. पण सी-२०२ वहिनी, तुम्ही तिथं जेवलाच नाहीत. तुमचा स्टार कशाबद्दल? मी बरीच वर्षं हॉटेलच्या भटारखान्यात काम केलंय, म्हणून राहवत नाही.

सी-२०२ : शेजारणीच्या बाजूने उभं राहायचं नाही का मग?

बी-५०१ : जरूर राहा. त्यांच्यासोबत मालकाकडे चला, मीही येतो. स्टार मात्र जेवलेल्यानेच द्यावा.

सी-४०२ डॉक्टर : ताई, आधी तब्येतीचं. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर धोकादायक खाली येते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याचीच लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आणि बाहेर जेवायला जाताना गोळी कधी घ्यायची, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. ताट समोर आल्यावर घेतली तर चालते का, एवढाच प्रश्न विचारायचा.

बी-२०३ : साखरेचं पाणीच दिलं होतं. वेटर मुलाला म्हटलं साखर आण, तर तो धावत आत गेला आणि पेल्यात विरघळवूनच घेऊन आला.

बी-५०१ : हे तुम्ही आधी लिहिलं नव्हतं.

बी-२०३ : खरंय. रागात राहून गेलं.

ए-२०१ : विषय निघालाच आहे तर मीपण सांगते. परवा दुपारी आम्हीपण तिथंच जेवलो आणि त्याच रात्री धाकट्याला उलट्या झाल्या. त्या हॉटेलचं अन्नच शिळं असणार.

सी-४०२ डॉक्टर : असू शकतं. पण शेवटचं जे खाल्लं त्यावरच आपला संशय जातो, आणि तो बऱ्याचदा चुकतो. स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूचं विष पोटात गेलं असेल तर अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या होतात. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास लागतात. साल्मोनेला या जिवाणूला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कितीही. तुम्ही किती जण होतात? सगळ्यांनी तेच खाल्लं होतं का?

ए-२०१ : पाच जण. सगळ्यांनी एकच मागवलं होतं. त्रास फक्त त्यालाच झाला. आता आठवतंय, त्याच्या वर्गातली दोन-तीन मुलं त्याच आठवड्यात आजारी होती.

सी-४०२ डॉक्टर : मग हॉटेलवर बोट ठेवण्याइतका पुरावा नाही. वेगवेगळ्या टेबलांवरच्या लोकांना एकाच दिवशी त्रास झाला असता तर गोष्ट वेगळी होती. तसं कधी झालं तर नुसता रिव्ह्यू लिहून थांबायचं नाही. अन्नसुरक्षेच्या अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवायचं, म्हणजे नमुने घेता येतात.

ए-१०१ काका : डॉक्टर, जेवताना आपण स्वतः काय बघावं?

सी-४०२ डॉक्टर : काका, गरम पदार्थ वाफाळता यायला हवा आणि थंड पदार्थ खरंच थंड. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे. शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचं, नासणारं ५ अंशांच्या खाली, आणि साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त नाही. कोमट ताट समोर आलं तर संकोच न करता परत पाठवा, पूर्ण तापवून मागा.

सी-१०४ : मी व्यवस्थापन शिकवतो, म्हणून स्टारबद्दल एक माहिती देतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल ल्यूका यांनी २०११ मध्ये सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास मांडला. येल्प या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवरचं रेटिंग एका स्टारने वाढलं की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. महत्त्वाचं पुढे आहे. हा परिणाम एकट्यादुकट्या मालकाच्या हॉटेलांवरच दिसला. साखळी हॉटेलांवर दिसला नाही, कारण त्यांचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. म्हणजे आपण एक स्टार देतो तेव्हा तो सगळ्यात जास्त लागतो छोट्या माणसाला.

ए-३०४ : सर, मग छोट्या हॉटेलाने काहीही करावं आणि आपण गप्प बसावं?

बी-५०१ : गप्प कशाला बसायचं? आत काय होतं ते सांगतो, मग बघा. छोट्या हॉटेलात एक कूक, एक मदतनीस, दोन वेटर. रिकाम्या हॉटेलात पाच टेबलं दहा मिनिटांत भरली की पाचही ऑर्डरी एकदम आत येतात. शेगड्या तेवढ्याच. मग कूक काय करतो, तर ज्या दोन-तीन टेबलांचा पदार्थ सारखा आहे तो एकत्र टाकतो. म्हणून मागून आलेल्याला आधी मिळतं. त्यात तुम्हाला डावलायचा हेतू नसतो. पण ग्राहकाला ते कळणार कसं? बाहेर येऊन सांगायला हवं, की अजून अर्धा तास लागेल, तोवर काही आणू का. ते सांगितलं नाही ही त्यांची चूक, आणि मोठी चूक. ज्या दिवशी आमचा मालक गल्ला सोडून टेबलांमधून फिरायचा, त्या दिवशी वेळ तेवढाच लागायचा, तरी कुणी चिडायचं नाही.

सी-१०४ : दादा, तुम्ही अनुभवातून सांगितलंत तेच डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलंय. किती वेळ लागेल हे माहीत नसलं की थांबणं लांबल्यासारखं वाटतं, कारण सांगितलं नाही तरी तसंच, आणि आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं तरी तसंच. ताईंच्या बाबतीत तिन्ही झालं.

बी-२०३ : अगदी. अर्धा तास लागेल म्हणाले असते तर मी आईंना आधी काहीतरी खायला दिलं असतं.

ए-३०२ : मला एक चांगला अनुभव सांगायचाय. माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मोठ्या हॉटेलात विचारलं की वेटर तिथल्या तिथं "नाही मॅडम, घातलेला नाही" म्हणतो. आत जाऊन विचारत नाही. याच छोट्या हॉटेलात वेटर म्हणाला, मला माहीत नाही, विचारून येतो. मग कूक स्वतः हात पुसत बाहेर आला. म्हणाला, पदार्थात नाही, पण कढई आणि झारा तोच आहे, तुम्ही हे घेऊ नका, दुसरं करून देतो. ॲलर्जीच्या मुलाला तेलातला, झाऱ्यावरचा अंशसुद्धा पुरतो, हे आम्ही दवाखान्यात जाऊन शिकलोय. "माहीत नाही" म्हणणारा वेटर मला देवासारखा वाटला. मी हे कुठेच लिहिलं नाही याचं आता वाईट वाटतंय.

बी-५०१ : आजच लिहा. असा रिव्ह्यू दुसऱ्या आईच्या कामाचा असतो.

सचिव : सगळ्यांना सूचना. सोसायटीच्या ग्रुपवरून एकगठ्ठा स्टार देण्याची मोहीम चालवू नये. जे प्रत्यक्ष जेवलेत त्यांनी आपापला अनुभव लिहावा.

सी-२०२ : मी माझा स्टार काढला. ताई, राग मानू नका. मालकाकडे जायचं असेल तर मी सोबत येते.

ए-३०४ : मीपण काढला. मी तिथं जेवलोय ते दोन वर्षांपूर्वी.

बी-२०३ : राग नाही हो. मघाशी मालकांना फोन केला. आधी त्यांना आठवेना, मग साखरेच्या पाण्याचं म्हटल्यावर आठवलं. काल एक वेटर आला नव्हता म्हणाले. मी सांगितलं की ते आम्हाला बसतानाच कळायला हवं होतं. ते कबूल झाले, आणि आईंची चौकशी केली. मी दोन स्टार देणार आहे. त्याहून जास्त द्यायला मन तयार नाही, कारण आईंची ती अवस्था डोळ्यांसमोरून जात नाही. असं लिहिलंय, बघा:

"शनिवारी रात्री चार जण गेलो. ऑर्डर दिल्यापासून जेवण यायला एक तासाहून जास्त लागला. किती वेळ लागेल हे कुणी सांगितलं नाही. मधुमेह असलेल्या वयस्कर व्यक्तीला यामुळे त्रास झाला. वेटरने तत्परतेने साखरेचं पाणी आणून दिलं, त्याचे आभार. जेवण गरम होतं आणि चव चांगली होती. गर्दीच्या वेळी जाणार असाल तर बसण्याआधी किती वेळ लागेल ते विचारा. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा मालकांनी चूक मान्य केली."

बी-५०१ : ताई, हे वाचून मालकाला नेमकं काय सुधारायचं ते कळेल.

ए-१०१ काका : एक सुचवू का? दाराशी उंच पायरी आहे आणि धरायला कठडा नाही. मला दोन्ही वेळा कुणाचा तरी हात धरावा लागला. आमच्या वयाची माणसं आधी तेच शोधतात.

बी-२०३ : बरोबर काका, आईंनाही तिथं त्रास झाला होता. पायरीचं घालते.