सायन्स ऑनर सोसायटी: प्रवेश मिळाल्यानंतरचे अनुभव लिहा

अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कुलांत सायन्स नॅशनल ऑनर सोसायटीचे, म्हणजे विज्ञानात चांगले गुण असलेल्या मुलांना निवडून घेणाऱ्या संस्थेचे, चॅप्टर (शाखा) आहेत. संस्था २००० साली सुरू झाली. प्रवेशासाठी लागणारा विज्ञानाचा जीपीए (गुणांची सरासरी), शिक्षकांची शिफारस, सेवेचे तास यांचे बारकावे शाळेगणिक बदलतात आणि ते काउन्सेलर सांगतातच. मला पुढचं विचारायचंय. शपथ झाली, सदस्यत्वाची पिन मिळाली, मग वर्षभर मुलं काय करतात? टिकतात कशी? लेक या सप्टेंबरात अर्ज भरणार आहे. ज्यांनी हे स्वतः केलंय किंवा घरात जवळून पाहिलंय, त्यांनी हातचं न राखता लिहा.

न्यू जर्सी, आता कॉलेजात

ताई, मी केमिस्ट्रीचं ट्यूटरिंग करायचो. शाळा सुटल्यावर लायब्ररीत, ठरलेल्या वारी. सुरुवातीला मुलं फक्त गृहपाठाची उत्तरं मागायची. लिमिटिंग रिएजंटला, म्हणजे अभिक्रियेत आधी संपणाऱ्या पदार्थाला, सगळे अडतात. मग मी स्मोअर्स या गोड खाऊचं साहित्य न्यायला लागलो: एका स्मोअरला दोन बिस्किटं, एक मार्शमेलो, एक चॉकलेट. आधी काय संपेल आणि काय उरेल, ते मुलं स्वतःच सांगायची. एक नववीतली मुलगी परीक्षा संपल्यावरही येत राहिली, आणि तिच्यासाठी मीही कधी दांडी मारली नाही. कुणीतरी आपली वाट बघत असलं की टिकायला वेगळं काही लागत नाही.

डॅलस, एक बाबा

८ एप्रिल २०२४ चं खग्रास सूर्यग्रहण आमच्या डोक्यावरून गेलं. मुलीच्या चॅप्टरने जवळच्या एलिमेंटरी शाळेची जबाबदारी घेतली होती. महिनाभर आधीपासून ही मुलं तिथे जाऊन सिरियलच्या खोक्यांचे पिनहोल कॅमेरे करून घेत होती. देणगीत आलेल्या प्रत्येक ग्रहणाच्या चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ हा सुरक्षिततेचा क्रमांक आहे का, हे त्यांनी तपासलं; ज्यांच्यावर नव्हता ते बाजूला काढले. चष्मा फक्त खग्रास स्थितीतच काढायचा आणि सूर्याची कड दिसू लागताच परत लावायचा, हे पहिलीतल्या पोरांकडून टाळ्यांच्या इशाऱ्यावर घोटवून घेतलं.

माझी आई तेव्हा सोलापूरहून आली होती. १६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण कर्नाटकात खग्रास होतं, आमच्याकडे खंडग्रास. त्या दिवशी तिने आम्हाला दारं-खिडक्या लावून घरात बसवलं होतं, पाणीसुद्धा प्यायला दिलं नव्हतं. इथे नातीने तिला अंगणात खुर्ची दिली, चष्मा लावून दिला. ढग होते, पण ऐन वेळी फाटले. दुपारी पावणेदोनच्या सुमारास जवळजवळ चार मिनिटं अंधार. आई म्हणाली, "अगं, दिवसा चांदणी दिसतेय!" तो शुक्र होता. सेवेचे तास वहीत किती भरले ते मला आठवत नाही, पण मुलगी त्यानंतर त्या शाळेत दर महिन्याला जात राहिली.

ओहायो, केमिस्ट्री शिक्षिका आणि चॅप्टर सल्लागार

दुसऱ्या बाजूने लिहिते. गळती लागते ती जानेवारीत. कॉलेजांचे अर्ज गेले की बारावीची मुलं दिसेनाशी होतात. म्हणून मी महत्त्वाची कामं आधीच अकरावीच्या मुलांकडे सोपवते, आणि वर्षातून एकदाच होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमापेक्षा दर आठवड्याचं छोटं काम निवडायला लावते. आपल्या मराठी पालकांना कळकळीने सांगते, तासांचा हिशेब मुलांनाच ठेवू द्या. "कॉमन ॲपमध्ये काय लिहायचं?" हा प्रश्न पहिल्याच सभेत येतो. कॉलेजप्रवेशाच्या या सामाईक ऑनलाइन अर्जात दहा उपक्रमांची जागा असते आणि वर्णनाला प्रत्येकी १५० अक्षरं. एवढ्याशा जागेत "मेंबर" लिहून काहीच कळत नाही. काय केलं हे लिहायला आधी काहीतरी केलेलं असावं लागतं.

पेनसिल्व्हेनिया, बारावी

आमचा चॅप्टर शाळेमागच्या ओढ्याचं पाणी तपासतो. दगड उलटून स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय या कीटकांच्या अळ्या मोजायच्या. त्या घाण पाण्यात तग धरत नाहीत, त्यामुळे त्या असल्या तर पाणी चांगलं. स्टोनफ्लायला दोन शेपट्या, मेफ्लायला बहुधा तीन. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ विरघळून ओढ्यात येतं आणि पाण्याची विद्युतवाहकता चढते. आमच्या आलेखात ते सरळ दिसतं. नोंदींत खंड पडला तर आलेख निरुपयोगी, म्हणून थंडीतही कुणीतरी जातंच. पुढच्या वर्षीची पाळी मी दहावीतल्या दोघांना शिकवतेय.

मिशिगन, एक आई

आमच्या मुलाचा जीपीए थोडक्यात कमी पडला. खूप हिरमुसला होता. त्याच्या शिक्षकांनी त्याला सायन्स ऑलिंपियाड या विज्ञानस्पर्धेच्या संघात घेतलं. पंधरा जणांचा संघ आणि तेवीस स्पर्धाप्रकार, त्यामुळे प्रत्येकाला दोन-तीन विषय उचलावेच लागतात. तो आता खडक आणि खनिजांत बुडालाय; सुपीरियर सरोवराच्या किनाऱ्यावरून अ‍ॅगेट नावाचे दगड वेचून आणतो. ताई, तुमच्या लेकीला प्रवेश मिळेलच, पण तिच्या शाळेत असा संघ आहे का, तेही आत्ताच विचारून ठेवा. निवड चाचण्या बऱ्याच ठिकाणी शाळा सुरू झाल्या झाल्या होतात.