सभासद टेबलमध्ये दुधाची बेरीज टाकताना आकडे चुकतात

प्रश्न
मायएसक्यूएल 8 (डेटाबेस सॉफ्टवेअर), दूध संस्थेचा डेटा. संकलन टेबलमध्ये सभासद_क्र, तारीख, लिटर, दर. सकाळ-संध्याकाळची वेगळी नोंद. 1 ते 10 तारखेची रक्कम, पशुखाद्याची उचल (आगाऊ घेतलेल्या मालाची रक्कम, वेगळ्या टेबलमध्ये) वजा करून, सभासद टेबलच्या येणे कॉलममध्ये हवी आहे. अपडेटच्या सेटमध्ये थेट सम (बेरजेचं फंक्शन) लिहिलं तर 1111 एरर येतो, म्हणजे ते फंक्शन तिथे चालत नाही. संकलन आणि उचल ही टेबलं जोडून, ग्रुप बाय (सभासदवार गट) करून ती बेरीज सभासदला जॉइन केली (जोडली) तर क्वेरी चालते. पण उचल असलेल्यांचे आकडे भलतेच, आणि दूध न घातलेल्यांकडे मागच्या बिलाचीच रक्कम राहते.

उत्तर 1
एका सभासदाच्या संकलनाच्या 20 नोंदी आणि उचलीच्या 2 असतील, तर जॉइनमध्ये 40 ओळी होतात. दुधाची रक्कम दुप्पट, उचल वीसपट. आधी दोन्हीकडची बेरीज वेगवेगळी करा, मग जोडा:

अपडेट सभासद स
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट सभासद_क्र, सम(राउंड(लिटर * दर, 2)) अ‍ॅज रक्कम फ्रॉम संकलन व्हेअर … ग्रुप बाय सभासद_क्र) द ऑन द.सभासद_क्र = स.सभासद_क्र
लेफ्ट जॉइन (उचलीचीही तशीच बेरीज) उ ऑन उ.सभासद_क्र = स.सभासद_क्र
सेट स.येणे = कोअलेस(द.रक्कम, 0) - कोअलेस(उ.रक्कम, 0);

साध्या जॉइनमध्ये दूध नसलेला सभासद गळतो, म्हणून त्याचा जुना आकडा तसाच राहतो; लेफ्ट जॉइनमध्ये तो गळत नाही. कोअलेस (नलऐवजी 0 धरणारं फंक्शन) दोन्हीकडे हवंच. एक बाजू नल (रिकामी) असली की वजाबाकीही नल.

उत्तर 2
राउंड (पैशांपर्यंत पूर्णांकन) समच्या आत आहे ते तसंच ठेवा. बाहेर घेतलंत तर रोजच्या पावत्यांची बेरीज आणि बिल यांत पैशांचा फरक पडेल. कॉलम डेसिमलच (नेमके दशांश ठेवणारे) हवेत, फ्लोट (अंदाजे किंमत ठेवणारे) नको.

तारखेच्या कॉलममध्ये वेळही असेल तर बिटवीन (1 ते 10 अशी अट) वापरू नका, शेवट 10 तारीख सुरू होताच धरला जातो आणि 10 तारखेचं जवळजवळ सगळं दूध सुटेल. 1 तारखेपासून पुढे आणि 11 च्या आत अशी अट लिहा.

प्रश्नकर्ता
आकडे पावत्यांशी जुळले. वर्कबेंचमध्ये (मायएसक्यूएलची क्वेरी चालवायचं टूल) मात्र 1175 एरर येतो.

उत्तर 1
तो सेफ अपडेट मोड आहे, व्हेअरमध्ये की-कॉलम (ओळ ओळखणारा इंडेक्स असलेला कॉलम) नसला की अपडेट अडवतो. त्या सेशनपुरता बंद करा. पण आधी स्टार्ट ट्रान्झॅक्शन, मग अपडेट, पाच-सहा सभासद तपासून कमिट (बदल पक्का); चुकलं तर रोलबॅक (बदल मागे). टेबल इनोडीबी प्रकारचं असेल तरच रोलबॅक चालेल, मायआयसॅम प्रकारात नाही.

उत्तर 3
येणे = येणे + … असं कधीच लिहू नका, चुकून दोनदा चाललं की रक्कम दुप्पट. खरं तर दर दहा दिवसांची बेरीज बिल टेबलमध्ये वेगळी ओळ म्हणून ठेवा, सभासद_क्र आणि मुदत यांवर युनिक की (एकच नोंद दोनदा न होऊ देणारी अट) लावून. आत्ताच्या रचनेत पुढचं बिल काढताच मागचा आकडा पुसला जातो.