मदत हवी आहे : लेदर सीटची निगा नेमकी कशी राखावी?

नमस्कार. माझ्या गाडीच्या चालकाच्या सीटवर, दाराच्या बाजूच्या उंचवट्याला, जिथे चढता-उतरताना अंग घासते, तिथे बारीक सुरकुत्या पडल्या असून त्यांच्या तळाशी रंग उडून फिकट रेषा दिसू लागल्या आहेत. शिवाय बैठकीवर जीन्सची निळसर छटा उतरली आहे. पाण्याचा थेंब टाकून पाहिला असता तो इतरत्र तसाच राहतो, म्हणजे चामड्यावर संरक्षक लेप आहे. सुरकुत्यांमध्ये मात्र तो मुरतो आणि तेवढा भाग गडद होतो.

लेप शाबूत असलेल्या भागात कंडिशनर (चामडे मऊ ठेवणारे मलम) चामड्यापर्यंत पोहोचते तरी का, की सौम्य क्लीनर, मऊ ब्रश आणि ओलसर मायक्रोफायबर कापडाने नियमित स्वच्छता करून वरून सीलंट (लेपावर बसणारा संरक्षक थर) लावणे अधिक योग्य ठरेल? सीटला बारीक छिद्रे असून आत हवा खेळवणारा पंखा आहे, त्यामुळे कोणताही द्रव थेट फवारणे मला धोक्याचे वाटते.

जीन्सचा डाग स्पिरिटने निघेल, पण सोबत लेपही विरघळेल, म्हणून त्याला सुरक्षित पर्याय हवा आहे. फिकट रेषांमध्ये रंग घरी भरता येतो का, हेही सांगावे. सीटमध्येच साइड एअरबॅग असल्याने कव्हरचा विचार मी सोडला आहे, आणि तेलकट चकाकी आणणारी पॉलिश तर नकोच. स्वतः हे काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.