मदत हवी आहे: दीडशे वर्षांच्या घोडागाडीच्या चाकाची लोखंडी धाव (बाहेरचं कडं) सैल झाली आहे, चाकं भिजवावीत का?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये राहते आणि दर शनिवारी गावातल्या छोट्या संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून जाते. तिथे एक जुनी कॉनकॉर्ड कोच आहे. प्रश्न तिच्या चाकांचा आहे. बैलगाडीची चाकं घरी किंवा गावात बनताना पाहिलेली माणसं इथे असतील, म्हणून मराठीतच विचारते आहे.

आधी गाडीबद्दल. इथल्याच कॉनकॉर्ड गावात लुईस डाउनिंग आणि स्टीफन्स अॅबट यांनी 1827 मध्ये अशी पहिली गाडी बांधली. टप्प्याटप्प्यावर घोडे बदलत टपाल आणि उतारू नेणारी ही गाडी. तिला पोलादी स्प्रिंग नाही. गाडीचं सगळं धूड चामड्याच्या जाड पट्ट्यांवर, त्यांना थरोब्रेस म्हणतात, झोळीसारखं टांगलेलं असतं. खड्ड्यात चाक गेलं की धूड पुढे-मागे झुलतं. हिसका माणसांना कमी बसतो आणि घोड्यांनाही. 1868 मध्ये वेल्स फार्गो या घोडागाड्या चालवणाऱ्या कंपनीसाठी अशा तीस गाड्या एकाच आगगाडीतून ओमाहा शहराला गेल्या. पुढच्याच वर्षी खंड ओलांडणारा लोहमार्ग पुरा झाला, आणि लांब पल्ल्याची घोडागाडी मागे पडली. आमची गाडी टिकली हेच मला फार मोलाचं वाटतं.

आता अडचण. हिवाळाभर हीटर चालू राहिल्यामुळे खोलीतली हवा अगदी कोरडी झाली. मागच्या डाव्या चाकाची लोखंडी धाव आता अंगठ्याने ढकलली तरी हलते. धाव आणि लाकूड यांच्यात पोस्टकार्ड सहज जातं. दोन आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गाभ्यात, फिरतात. आऱ्यांवर पिवळ्या रंगावर हाताने ओढलेल्या बारीक काळ्या रेषा आहेत, त्या मूळच्या आहेत.

सोलापूरकडे माझे आजोबा उन्हाळ्यात गाडी ओढ्यात उभी करून ठेवायचे. लाकूड फुगायचं, धाव घट्ट बसायची. इथले एक वयस्कर सहकारीही तेच म्हणतात: चाकं काढा आणि हौदात टाका. मला मात्र रंगाची धास्ती वाटते.

दुसरं म्हणजे, थरोब्रेसच्या चामड्याला हात लावला की हातमोज्यावर विटकरी भुकटी येते. तेल लावावं का?

प्रतिसाद 1
ताई, आमच्या घरात सुतारकी होती. ओढ्यात उभी करायची ती रोज चालणारी गाडी. भिजवणं हा पेरणीपर्यंत काम निभावण्याचा उपाय. फुगलेलं लाकूड धावेच्या आत दबतं, आणि वाळलं की पहिल्यापेक्षा जास्त आकसतं. मग शेवटी लोहाराकडे जाऊन धाव कापून, आखूड करून, लाल तापवून पुन्हा चढवावी लागायची. तुमच्या चाकाला त्यातलं काहीच करू नका. आधी आखाखाली, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याखाली, लाकडी ठोकळे देऊन चाकावरचं वजन काढा.

प्रतिसाद 2
मी चर्मवस्तूंच्या जतनाचं काम करते. ती भुकटी म्हणजे चामड्याचा 'रेड रॉट', आम्लामुळे झालेली झीज. ती उलटवता येत नाही. तेल मुळीच नको. चामडं काळं आणि चिकट होईल, धूळ धरेल. अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज लावून भुकटी बांधता येते, पण ते जाणकाराकडूनच करून घ्या. पट्ट्यांवर धुडाचा भार आहे का, ते आधी बघा. खोलीत आर्द्रतामापक लावून 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा. वाढवायची ती आठवड्यांच्या हिशेबाने, एकदम नाही.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. हौदाचा बेत मी आज सकाळीच थांबवला. धूड चारही कोपऱ्यांवर पूर्णपणे पट्ट्यांवरच लोंबकळतं आहे, खाली आधार नाही. शनिवारी ठोकळे बसवणार आहोत. प्रतिसाद 1, ठोकळे आखाच्या नेमके कुठे द्यावेत, तुंब्याजवळ की मध्ये? आणि धुडाला आधार देताना तळाच्या फळीवर सगळा भार येऊ नये म्हणून काय करावं, हे कुणी सांगू शकेल का?