मदत हवी आहे: इलेक्ट्रिक टेम्पोंसाठी गॅरेजमधल्या माणसांना शिकवायचं कुठे, आणि किती?

नमस्कार मंडळी,

साकीनाक्याला आमचा छोटा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. भिवंडीच्या गोडाऊनमधून माल आणायचा आणि कुर्ला, अंधेरी, पवईच्या दुकानांना पोचवायचा, वडिलांपासून हेच चालू आहे. डिझेलचे टेम्पो एकेक करून काढले. आज सहा इलेक्ट्रिक मिनी ट्रक आणि अकरा तीनचाकी आहेत. डिझेलचं बिल गेलं, ड्रायव्हर खूश आहेत, तक्रार गाडीबद्दल नाहीच. बंद पडली की हात कोणी लावायचा, हा प्रश्न आहे.

जुलैत एकाच आठवड्यात तीन गाड्या उभ्या राहिल्या. एक मिनी ट्रक चावी फिरवली तरी 'रेडी' (म्हणजे चालायला तयार) दाखवेना. दुसरा साचलेल्या पाण्यातून आला, दोन दिवस बरा चालला आणि मग इन्सुलेशनची (करंट गळतोय अशी) वॉर्निंग देऊन बसला. तिसऱ्याचं वेगळंच, ३० टक्के चार्ज दाखवता दाखवता एकदम ८ वर येतो. ड्रायव्हर घाटकोपरच्या पुलावर अडकला, मागून शिव्या खाल्ल्या. कंपनीचा टेक्निशियन चौथ्या दिवशी उगवला. चार दिवस भाड्याचे टेम्पो लावून माल पोचवला, त्यात महिन्याची बचत गेली.

आमचे मिस्त्री काका वडिलांच्या वेळचे. कान लावून कुठला नोझल गेलाय ते सांगणारा माणूस. आता झाकण उघडतात, नारिंगी वायर बघतात आणि झाकण लावतात. म्हणतात, "अरे बाळा, हिला आवाजच नाही, मी ऐकू काय?"

हाताखालच्या दोन पोरांचं नेमकं उलटं, त्यांना भीतीच नाही. एकाने तीनचाकीच्या बॅटरीचा नट सोडवताना १०-११ चा पाना दोन्ही टर्मिनलवर टेकवला. ४८ व्होल्ट म्हणजे काय, शॉकसुद्धा लागत नाही, असा त्याचा हिशोब. ठिणगी उडाली, पाना चिकटला, सुटला तेव्हा त्याचा एक कोपरा वितळून गेला होता. बोटात तांब्याची अंगठी होती, ती वाचली हे नशीब. पाना मी टेबलावर ठेवलाय, रोज दिसावा म्हणून.

एका खासगी क्लासला फोन केला. दोन दिवसांत सर्टिफिकेट देतो म्हणाले. शिकवायला गाडी कुठली आणणार विचारलं, तर म्हणे प्रेझेंटेशन आहे.

तर विचारायचं हे, की काकांना ह्या वयात शिकवण्यात अर्थ आहे का? पोरांना कुठे पाठवू? आणि गॅरेजमध्ये कुठपर्यंत हात घालायचा, कुठे थांबायचं? ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी कृपया सांगा.

– साकीनाका ट्रान्सपोर्ट

*

आगारवाला:

इलेक्ट्रिक बसवर काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिलं म्हणजे तुमचे काका निरुपयोगी झालेले नाहीत. गाडी 'रेडी' होत नाही म्हटलं की सगळे मोठ्या बॅटरीकडे धावतात. पण मोठी बॅटरी गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर उचलायला करंट येतो तो साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून. ती मेली, किंवा तिला चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर गेला, किंवा अर्थची (चासीला जोडलेली) वायर ढिली झाली, की लाखोंचा पॅक भरलेला असूनही गाडी ढिम्म. १२ व्होल्ट, अर्थ, फ्यूज, ब्रेक, सस्पेन्शन, टायर हे सगळं काकांचंच. ब्रेकचं तर आवर्जून बघायला सांगा. रिजनमुळे (मोटरच गाडीचा वेग कमी करून बॅटरी भरते) पॅड फारसे झिजत नाहीत, पण पावसाळ्यात वापराविना डिस्क गंजतात, कॅलिपर जाम होतात.

नारिंगी वायरचं. ६० व्होल्ट डीसीच्या वर गेलं की ते हाय व्होल्टेज धरतात, म्हणून ती वायर नारिंगी. तीनचाकीत ४८ व्होल्ट असल्याने तो रंग दिसेलच असं नाही, त्यामुळे पोरं बिनधास्त होतात. तिथे शॉकपेक्षा शॉर्ट सर्किट वाईट, कारण अँपियर शेकड्यात जातात. अंगठी, कडं, घड्याळ, चेन गॅरेजच्या दारातच काढायला लावा. बॅटरीच्या कामाचे पाने इन्सुलेटेड घ्या, निदान मुठीवरून टेप तरी.

मिनी ट्रकवर हात घालायचा तर क्रम पाठ हवा. चावी काढून खिशात. १२ व्होल्टची निगेटिव्ह सोडायची. सर्व्हिस डिस्कनेक्ट (मोठ्या बॅटरीची लाइन तोडणारा प्लग) काढायचा, तोही खिशात, नाहीतर कोणीतरी 'मदत' म्हणून परत लावतो. मग मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढा वेळ थांबायचं, बहुतेक गाड्यांना पाच-दहा मिनिटं, कारण इन्व्हर्टरमधले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. नंतर मीटर, तो १००० व्होल्टचा, कॅट-३ सुरक्षा दर्जाचा. आधी चालू बॅटरीवर लावून बघा, मग कामाच्या जागी शून्य आहे का बघा, मग पुन्हा चालू बॅटरीवर. प्रोबची वायर आतून तुटली असेल तर मीटर सगळीकडे शून्यच दाखवेल, आणि त्या शून्यावर विश्वास ठेवून माणूस मरतो. हातमोजे क्लास ० चे (विजेच्या कामाचा दर्जा) रबरी, वरून चामड्याचे. घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडायची. फुस्स झालं की कचऱ्यात.

आणि पॅक उघडायचा नाही. कोणीही, कधीही. पॅकच्या आत डिस्कनेक्ट काढूनही सेल जिवंतच असतात, शिवाय वॉरंटी जाते ती वेगळी.

इन्सुलेशनच्या वॉर्निंगबद्दल एकच विचारतो, गाड्या प्रेशर पंपाने धुता का? गाडीच्या कागदावरचा आयपी ६७ हा पाण्यापासून बचावाचा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही शांत आणि स्वच्छ पाण्यात. जवळून मारलेल्या धारेची ती परीक्षाच नव्हे. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) असेल तर कंट्रोलर जोडलेला असताना लावू नका, इलेक्ट्रॉनिक्स उडेल.

*

चार्जिंगवाली:

३० वरून ८ वाल्या गाडीची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे का? आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता का? तसं असेल तर बॅटरी बिघडलेली नसण्याचीही शक्यता आहे. एलएफपी सेलचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे किती चार्ज उरलाय ते बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला) व्होल्टेजवरून कळत नाही. ती आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहते आणि चूक साठत जाते. पूर्ण भरली की हिशोब पुन्हा जुळतो, सेलचं बॅलन्सिंगही बहुतेक वरच्या टोकालाच होतं. आठवड्यातून एकदा रात्रभर लावून १०० करा. मॅन्युअलमध्ये हे असतं, वाचत कोणी नाही.

*

साकीनाका ट्रान्सपोर्ट:

८० ची सूचना माझीच! मोबाइलच्या बॅटरीबद्दल कुठेतरी वाचलं होतं, ते गाड्यांना लावलं आणि भिंतीवर कागदसुद्धा चिकटवला. काढतो.

धुण्याचंही बरोबर ओळखलंत. शनिवारी पोरं प्रेशर पंप घेऊन खालून मारतात, चिखल निघतो म्हणून.

*

मुलुंडचा मास्तर:

प्रशिक्षणाचं मी सांगतो, आयटीआयमध्ये शिकवलंय. 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, पण तो दहावीनंतरच्या मुलांसाठी, तुमच्या कामावरच्या माणसांना जमणार नाही. त्यांच्यासाठी ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिलचा इलेक्ट्रिक व्हेईकल सर्व्हिस टेक्निशियनचा अभ्यासक्रम बघा. पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्थासुद्धा प्रशिक्षण देते, पण त्यांचा ओढा इंजिनिअरांकडे जास्त, एखाद्या सुपरवायझरला पाठवायला बरं. कुठेही पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: हातात मीटर देऊन खऱ्या गाडीची लाइन बंद करायला लावणार का? तुमचा प्रेझेंटेशनवाला त्यातच उघडा पडला.

शिवाय अप्रेंटिस घ्या. ३० किंवा जास्त माणसं असली की ते सक्तीचं आहे, पण चार ते एकोणतीस असली तरी स्वखुशीने घेता येतं. ह्या ट्रेडचा पोरगा वर्षभर काकांच्या शेजारी उभा राहिला तर दोघंही शिकतील. पुढच्या गाड्या घेताना ऑर्डरच्या कागदातच दोन माणसांचं प्रशिक्षण आणि फॉल्ट कोड वाचायचं यंत्र लिहून घ्या. चेक दिल्यावर कोणी ऐकत नाही.

*

डिझेलप्रेमी:

म्हणून म्हणत होतो, डिझेलच बरं. 😀

*

साकीनाका ट्रान्सपोर्ट:

नऊ दिवसांनी लिहितोय, माफ करा.

१०० टक्के भरायला लागल्यापासून तिसऱ्या गाडीचा आकडा बराच सरळ झालाय, एकदाच २२ वरून १७ ला आला. पाण्यातल्या गाडीत चार्जिंगच्या सॉकेटमागच्या कनेक्टरमध्ये ओल निघाली. ते काम कंपनीच्या माणसानेच केलं. प्रेशर पंपाला कुलूप लावलंय.

'रेडी' न होणारा ट्रक काल परत तसाच बसला. ह्या वेळी फोन केला नाही. काकांनी हेडलाइट लावायला सांगितलं, मीटरची एक पिन १२ व्होल्टच्या निगेटिव्हवर आणि दुसरी चासीवर टेकवली. जिथे शून्याच्या आसपास यायला हवं तिथे दीड व्होल्ट. मग वायरवरून बोट फिरवत खाली गेले, चासीला बसलेला अर्थचा बोल्ट सोडवला. वायरच्या टोकाची लग हिरवी पडली होती, आपली खारी हवा. पॉलिश पेपर मारला, ग्रीस लावलं, आवळला. 'रेडी'. काका म्हणाले, "हे तर लॅम्ब्रेटालापण व्हायचं."

ठरलं असं: १२ व्होल्ट आणि मेकॅनिकल काम सगळ्यांनी करायचं. नारिंगी वायरला फक्त आयटीआय झालेला मोठा पोरगा, तोही कोर्स करून आल्यावर, आणि तेव्हा शेजारी दुसरा माणूस हवाच. काका कोर्सला नको म्हणत होते, कालच्या बोल्टनंतर "वर्ग किती वाजता असतो?" विचारून गेले. अप्रेंटिसचं पुढच्या आठवड्यात बघतो.

आता एक शेवटचं. क्लास ० चे हातमोजे मागवतोय, पण काकांचा पंजा फावड्याएवढा आहे. ११ नंबर बसेल की १२ घेऊ? मोठे घेतले तर नट हातात धरता येईल का?