देणगी निधी: दप्तरं की पगार?

प्रेषक: मकरंद (कोषाध्यक्ष)
विषय: देणगी निधी, सभेआधी मतं कळवा

सप्रेम नमस्कार मंडळी,

गणेशोत्सव, दिवाळी पहाट आणि संक्रांत मिळून आपल्या मंडळाच्या देणगी निधीत साडेआठ हजार पौंड जमले आहेत. गिफ्ट एडचे पैसे यात धरले आहेत. ज्यांनी अजून गिफ्ट एडचा फॉर्म भरलेला नाही त्यांनी कृपया भरून टाका. पौंडामागे २५ पेन्स सरकार देतं, ते सोडायचे कशाला?

कार्यकारिणीपुढे दोन प्रस्ताव आहेत. एक नेहमीचा: गावाकडच्या शाळांना दप्तरं, वह्या आणि मुलींना सायकली. दुसरा सुनीताताईंनी आणला आहे. मराठवाड्यातली एक छोटी संस्था पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त वस्त्यांवर आणि तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांबरोबर काम करते. त्यांना एका प्रशिक्षित समाजकार्यकर्तीचा तीन वर्षांचा पगार हवा आहे. आपली रक्कम साधारण तेवढीच होते.

२२ तारखेच्या सभेत निर्णय घ्यायचा आहे. त्याआधी इथे मोकळेपणाने लिहा.

मकरंद

---

प्रेषक: विनायक
विषय: उत्तर: देणगी निधी

मकरंद आणि सर्वांना नमस्कार,

स्पष्ट लिहितो, गैरसमज नसावा. इतकी वर्षं आपण सभासदांना सांगत आलो की तुमची पै न पै गरजूच्या हातात पडते. दप्तर दिलं की ते पोराच्या पाठीवर दिसतं. पगार हा संस्थेचा खर्च झाला. आमच्या लहानपणी सेवादलाची माणसं पदरमोड करून वस्तीवर जायची, पगार कुणी मागितला नाही.

दुसरं म्हणजे, तुरुंगातल्या आरोपींसाठी पैसे मागायला सभासदांच्या दारात कसं जायचं? आणि गरीब कैद्यांच्या जामिनासाठी सरकारनेच योजना काढल्याचं मध्यंतरी वाचलं. मग आपण कशाला?

सुनीता, तू हे रीतसर शिकली आहेस, म्हणून तुलाच विचारतो.

विनायक

---

प्रेषक: सुनीता
विषय: उत्तर: देणगी निधी

विनायककाका, नमस्कार.

बरं झालं विचारलंत. हेच प्रश्न सभेत बाकीच्यांच्याही मनात असणार. जरा सविस्तर लिहिते.

एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला असताना माझं फील्डवर्क एका जिल्हा कारागृहाच्या महिला विभागात होतं. तिथे तिशीच्या आतली एक पारधी बाई होती. आठवडी बाजारात पाकीट मारल्याचा आरोप. तिला पंधरा हजारांचा जामीन मंजूर होऊन चार महिने उलटले होते आणि ती आतच होती. जामीन झालाय हेच तिला धड माहीत नव्हतं. ‘साहेबांनी पुढची तारीख दिली’ एवढंच तिच्या कानावर पडलं होतं. जामीनदार आणायचा तर त्याच्याकडे रेशनकार्ड हवं, घरपट्टीची पावती नाहीतर सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा. पालावर राहणाऱ्या माणसाच्या गोतावळ्यात हे सगळं कुणाकडे निघणार? तिची साडेतीन वर्षांची मुलगी तिच्याबरोबर आत होती. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं. संध्याकाळी मोजणीची हाक आली की ती पोर कुणी न सांगता आईशेजारी रांगेत उकिडवी बसायची.

तिथे एका संस्थेची कार्यकर्ती यायची. तिने काय केलं ते सांगते, कारण पगार त्याचाच असतो. तिने आधी कोर्टातून जामिनाच्या आदेशाची नक्कल काढली. मग घरच्यांचा शोध. बाईला पाठ असलेला नंबर बंद होता आणि पाल मूळ जागेवरून उठलेलं होतं. दोन तालुके पालथे घालून तिने भावाला गाठलं. जामीनदार मिळत नाही म्हटल्यावर बाई कुणाकडे राहील, तारखांना कोण आणेल याचा अहवाल तयार केला आणि गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांमार्फत जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय तिच्या स्वतःच्या हमीवर, सोडण्याचा अर्ज लावला. बाई सुटली. त्यानंतर प्रत्येक तारखेला ती कार्यकर्ती कोर्टाच्या आवारात हजर असायची, कारण एक तारीख चुकली की वॉरंट निघतं आणि माणूस पुन्हा आत. पुढे जातीचा दाखला, रेशनकार्ड, मुलीची अंगणवाडी ही कामं सुरू झाली. या सगळ्यात विकत आणावी लागेल अशी वस्तूच नव्हती. एसटीचं भाडं, झेरॉक्स आणि तिचा वेळ, एवढाच खर्च.

आरोपींसाठी कसं मागायचं, असं तुम्ही विचारलंत. काका, कच्चा कैदी म्हणजे ज्याचा गुन्हा शाबीत झालेला नाही असा माणूस. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते. ज्याच्याकडे पैसे आणि कागद असतात तो जामिनावर बाहेर येतो. ज्याच्याकडे नसतात तो त्याच कलमाखाली आत राहतो. हे दुखणं जुनं आहे. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. खालच्या कोर्टाने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याच्या भावाचा जामीन नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच बजावलं होतं की गरिबाला झेपणार नाही असा जामीन मागू नका. त्याला किती वर्षं झाली बघा.

सरकारी योजनेचं तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. २०२३ मध्ये ती योजना आली तेव्हा तीत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंड भरता न आलेल्या कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठेवली होती. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, प्राधिकरणाने त्याच्या परिस्थितीची चौकशी करायची आणि मग जिल्हा समितीने पैसे मंजूर करायचे. चौकशीला समाजकार्यकर्त्यांची मदत घ्यावी असं त्या योजनेतच लिहिलेलं आहे. वस्तीवर जाऊन या माणसाकडे खरंच काही नाही याची खात्री कुणीतरी करून द्यावी लागते. ते ‘कुणीतरी’ तालुक्याला नसेल तर तरतूद कागदावरच राहते. म्हणून मला वाटतं, आपला पैसा तिथेच लागायला हवा. आपण एक कार्यकर्ती उभी केली तर सरकारी पैसा कितीतरी जणांपर्यंत जाईल.

पदरमोड करणाऱ्या माणसांबद्दल मलाही तुमच्याइतकाच आदर आहे. पण हे काम आठवड्याचे सहा दिवस, वर्षानुवर्षं, कायदा समजून करायचं असतं. इथे इंग्लंडमध्ये २००५ पासून नोंदणी नसलेल्या माणसाने स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घेणं बेकायदेशीर आहे. मी दर वर्षी नोव्हेंबर संपण्याआधी नोंदणीचं नूतनीकरण करते आणि वर्षभरात काय शिकले ते लिहून देते. आपल्याकडे फार्मासिस्टला कौन्सिल आहे, वकिलाला आहे, नर्सला आहे. तुटलेली घरं आणि अडकलेली माणसं सांभाळणाऱ्या या व्यवसायाला मात्र देशपातळीवर अशी परिषद अजून नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या कितीतरी हुशार मुली दोन-तीन वर्षांत बँकेत नाहीतर कंपन्यांच्या एचआरमध्ये गेल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी वीस-पंचवीस हजारांवर, तेही प्रकल्प संपेपर्यंतच, त्या किती दिवस काढणार? त्या गेल्या की वस्तीशी जोडलेली सगळी ओळखपाळख त्यांच्याबरोबर जाते.

आणखी एक सांगावंसं वाटतं, विशेषतः आपण या देशात राहतो म्हणून. पारध्यांवरचा गुन्हेगारीचा शिक्का ब्रिटिश सरकारने मारला. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. माणसांना तारेच्या कुंपणात कोंडून रोज हजेरी घेत. सोलापुरात त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पोलीस आधी पालावर येतात. त्या पोरांना दप्तर द्यायलाच हवं. पण आई आत आणि बाप पळालेला असेल तर ते दप्तर घेऊन शाळेत सोडायला कोण जाणार?

सुनीता

---

प्रेषक: रोहिणी (हिशेब तपासनीस)
विषय: उत्तर: देणगी निधी

नमस्कार,

निर्णय कुठलाही घ्या, पैसे पाठवण्याचे नियम आधी लक्षात असू द्या.

आपलं मंडळ इथली नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे. त्यामुळे आपला पैसा भारतात विदेशी देणगी धरला जातो आणि तो फक्त एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच देता येतो. तो जमा होतो दिल्लीत, स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने असा पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं आहे. म्हणजे ‘पुण्यातल्या मोठ्या संस्थेला देऊ, ते पुढे पोचवतील’ हा आपला जुना मार्ग आता नाही. दप्तरांसाठीसुद्धा हेच लागू आहे.

भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत थेट दिलेली देणगी यात धरत नाहीत. ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्यांची मात्र धरतात, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी.

काकांच्या पगाराच्या मुद्द्याबद्दल: त्याच २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली, त्यामुळे शंका रास्त आहे. पण संस्थेच्या उद्दिष्टासाठी थेट होणारा खर्च प्रशासकीय धरत नाहीत आणि नियमात उदाहरणं दिली आहेत ती रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या आणि शाळेतल्या शिक्षकांच्या पगाराची. वस्तीवर आणि तुरुंगात जाणाऱ्या कार्यकर्तीचा पगार मी त्याच रांगेत धरीन. तरी संस्थेच्या सीएकडून तसं लेखी घ्यावं. नोंदणीचं प्रमाणपत्र, त्याची मुदत आणि मागच्या वर्षांची विवरणपत्रंही मागवा. ती बघितल्याशिवाय मी सही करणार नाही.

रोहिणी

---

प्रेषक: विनायक
विषय: उत्तर: देणगी निधी

सुनीता, रोहिणी,

दोघींनी वेळ काढून लिहिलंत, आभार. त्या पोरीचं मोजणीला बसणं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

तरी दोन गोष्टी विचारतोच. तीन वर्षांनी आपले पैसे संपले की ती कार्यकर्ती काय करेल? आणि काम झालं हे आपल्याला कसं कळणार? दप्तरवाटपाचे फोटो यायचे. इथे काय येणार?

विनायक

---

प्रेषक: सुनीता
विषय: उत्तर: देणगी निधी

काका,

तीन वर्षांनंतरची खात्री मी देऊ शकत नाही. मात्र ही कामं कशी रुजतात याची महाराष्ट्रातली उदाहरणं आहेत. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मारहाण झालेली बाई पोलिसांत आली तर तिच्याशी बोलायला प्रशिक्षित समाजकार्यकर्ती तिथेच बसलेली असावी, इतकी साधी कल्पना. पुढे राज्य सरकारने तो स्वीकारला आणि आता जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष आहेत. त्याच संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून पोलीस कोठडी, तुरुंग आणि कोर्टात काम करतोय. १०९८ ही मुलांची हेल्पलाइनसुद्धा १९९६ मध्ये त्यांच्याच प्रकल्पातून निघाली. सुरुवातीला कुणीतरी पगाराची जोखीम घेतली म्हणून पुढे सरकारला दाखवायला काम उभं होतं. आपल्या प्रस्तावात एक अट जरूर घालू: दुसऱ्या वर्षापासून संस्थेने जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि महिला व बालविकास विभागाकडे पुढच्या तरतुदीसाठी पाठपुरावा करायचा आणि आपल्याला कळवायचं.

फोटो मात्र मागू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. तुरुंगातून सुटलेल्या बाईचा चेहरा आपल्या वार्षिक अंकात छापायला नको, नाव तर नाहीच. त्याऐवजी सहा महिन्यांनी अहवाल मागू. कार्यकर्ती किती जणींना भेटली, किती जणींचा जामीन मंजूर असून अडकला होता, त्यांतल्या किती सुटल्या, मंजुरीपासून सुटकेपर्यंत किती दिवस गेले, सुटलेल्यांच्या किती तारखा चुकल्या. शेवटचा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तारखा चुकत नसतील तर सुटकेनंतरही ती त्यांच्याबरोबर आहे असं समजायचं.

सुनीता

---

प्रेषक: अद्वैत
विषय: उत्तर: देणगी निधी

सर्वांना नमस्कार,

या यादीवर मी पहिल्यांदाच लिहितोय. माझं ऑफिस व्हाइटचॅपलला आहे, टॉयन्बी हॉलवरून रोज जातो. सुनीताताईंचं वाचून शोधलं तेव्हा कळलं की १८८४ साली विद्यापीठात शिकलेली मुलं इथल्या गरीब वस्तीत राहून काम करायला आली, ते बघून जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये शिकागोत हल हाउस हे तसंच वस्तीतलं केंद्र काढलं, आणि त्याच धर्तीवर क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईत नागपाड्याला नेबरहूड हाउस चालवलं. भारतातलं समाजकार्याचं पहिलं महाविद्यालय, म्हणजे आजची टाटा संस्था, १९३६ साली नागपाड्यातच सुरू झालं आणि त्याचे पहिले संचालक मॅनशार्टच.

माझं मत पगाराच्या बाजूने. कार्यकर्तीच्या प्रवासखर्चासाठी मी दरमहा वेगळे वीस पौंड देईन. माझा पासपोर्ट भारतीयच आहे, तेव्हा रोहिणीताई सांगतील तसे थेट पाठवतो. आणखी कुणी येणार असेल तर मला लिहा.

अद्वैत

---

प्रेषक: मकरंद (कोषाध्यक्ष)
विषय: उत्तर: देणगी निधी, सभेची विषयपत्रिका

मंडळी,

सगळ्यांची मतं वाचली. रविवारी २२ तारखेला दुपारी ३ वाजता नेहमीच्या हॉलमध्ये सभा आहे. संस्थेच्या संचालिका पहिल्या अर्ध्या तासात व्हिडिओ कॉलवर असतील, प्रश्न त्यांनाच विचारा. एफसीआरए प्रमाणपत्र आणि ताळेबंद मागवले आहेत, येताच रोहिणीकडे देतो. काकांनी फोनवर सुचवलं की पगाराबरोबर भविष्यनिर्वाह निधी आणि आरोग्य विमाही धरावा, नाहीतर ती मुलगी टिकणार नाही. तो आकडा संस्थेकडून घेतोय. त्यामुळे रक्कम कमी पडली तर पाडव्याच्या कार्यक्रमाच्या तिकिटांतून भर घालण्याचा ठराव मांडीन.

सायकलींचा प्रस्ताव विषयपत्रिकेवर आहेच. त्याची बाजू मांडायला कुणी येणार असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.

मकरंद